फायर बकेटमधलं पाणी

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आमची छोटी तुकडी अंबरनाथबाहेर एका डेपोच्या पहाऱ्यावर होती. मी हायजीन हवालदार. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं. शस्त्रं दोन, काचेची नळी आणि भिंग. नळीने डास ओढून भिंगाखाली ओळखायचा. बूड वर करून बसतो तो अ‍ॅनोफिलीस, मलेरियावाला. कुबड काढून बसतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा. पायांवर पांढरे पट्टे तो एडिस. डेंगीचा, दिवसा चावणारा. बायको शेजारणीला सांगायची, "लोकांचे नवरे अतिरेकी पकडतात, आमचे हे डास."

शिपाई संतोष चामटोलीचा, दिवसा गेट चौकीवर. घराशेजारी पोस्टिंग म्हणून सगळे त्याला सरकारचा जावई म्हणत. रोज विचारायचा, "उस्ताद, आज किती गिरफ्तार?"

त्या पावसाळ्यात तीन जवान तापाने पडले. सगळे म्हणाले मलेरिया. मच्छरदाण्या तपासल्या, संध्याकाळी बाह्या खाली हा हुकूम कडक केला. रक्तात मलेरिया निघेना. मग संतोष पडला. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तसं त्याला हॉस्पिटलला हलवलं.

मी भर दुपारी त्याच्या गेट चौकीत बसलो. पहिलाच डास माझ्या टकलावर उतरला. भिंगाखाली पांढरे पट्टे. पण आमच्या बराकींच्या लाइनीत डबकं नव्हतं. मग चौकीच्या भिंतीवरच्या लाल फायर बकेट, आग विझवायच्या बादल्या, दिसल्या. इन्स्पेक्शनला त्या काठोकाठ लागतात, म्हणून रोज वरून पाणी ओतायचे. रिकाम्या कोणीच करत नसे. आत अळ्या वळवळत होत्या.

"साब, बकेट रिकाम्या करायच्या."

सुभेदारसाहेब तडकले. "आग लागली तर? तू फुंकर मारणार?"

"लागलीय साब. चार जण पडलेत."

ते बादलीत वाकून पाहत राहिले. "ओता. घासा. वाळू भरा."

आम्ही बादल्या घासत असताना हॉस्पिटलचा फोन आला. साहेबांनी ऐकलं, "जी सर" म्हणाले आणि टोपी काढली.

आधीचे तिघे बरे झाले. पुढे आमच्यात कोणी पडलं नाही.

चामटोलीत संतोषच्या बापाने माझा हात धरला. "साहेब, कोनी मारला माज्या पोराला?"

त्या डासाची जात, पोटजात, पायांवरचे पट्टे, मला सगळं पाठ होतं. 

"ड्यूटीवर गेला, बाबा," मी म्हणालो.

शिपाई संतोष. गेट चौकी. दिवसाचा पहारा.