सासऱ्यांची पतपेढी आणि माझं भाकीत

आमच्या सासऱ्यांची पतपेढी मी एकदा बुडवायला काढली होती. तेही फुकट नाही, मानधन घेऊन.

तेव्हा मी विरारच्या एका साप्ताहिकात अर्थविषयक सदर लिहायचो. सदर कसलं, सुतकच! सोनं उतरणार, सातिवलीचे कारखाने बंद पडणार, मनवेलपाड्याच्या नव्या इमारतींत कबुतरं राहणार... (कबुतरं तेवढी आली, पण माणसं आल्यावर.) लोक मिटक्या मारत वाचायचे. दुसऱ्याचं बुडणार म्हटलं की आपला चहा गोड लागतो!

एका आठवड्यात बुडवायला काही उरलंच नाही. म्हणून लिहिलं, 'ज्या पतपेढीत माशांची काचपेटी आली, ती बुडालीच समजा!' आता अशी पेटी अख्ख्या पंचक्रोशीत एकच होती: गोखिवऱ्याला, आप्पांच्या, म्हणजे आमच्या चेअरमन सासऱ्यांच्या पतपेढीत. आदल्याच रविवारी तिथे सत्यनारायणाचा प्रसाद खाऊन आलो होतो. पेटी बहुधा शिऱ्याबरोबरच डोक्यात शिरली असावी.

अंक निघाला आणि सोमवारी सकाळी आप्पांचा फोन.

"जावईबापू, ताबडतोब या! रांग रस्त्यापर्यंत गेलीय!"

"कर्जासाठी?"

"ठेवी काढायला!"

धावत गेलो. रांगेत सगळ्यात पुढे कोण? आमची सौ.!

"सुनंदा, तू? अगं, वडिलांची पतपेढी आहे ही!"

"आणि बांगड्यांचे पैसे माझे आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा तुमचं ऐकतेय, तर तेही चालत नाही?"

चेअरमनची लेकच पैसे काढतेय म्हटल्यावर मागून रेटा आला. कॅशियरने शटर अर्धं ओढलं. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. उभं आयुष्य घातलं होतं त्यांनी त्या पतपेढीत, आणि दुपारपर्यंतही रोकड पुरणार नव्हती. त्यांनी मला स्टुलावर चढवलं.

"एकदा तरी चांगलं बोला हो!"

मी घसा खाकरला. "मंडळी, घाबरू नका. तुमचे पैसे सुरक्षित आहेत!"

मग मागून आवाज आला, "अरे बापरे, हा चांगलं बोलतोय! मेलो आपण!" आणि रांगेची झुंबड झाली.

तेवढ्यात मासळी विकणाऱ्या हौसामावशीने टोपली दाणकन आपटली. "अरे, पन याचं कदी काय खरं झालंय? पापलेटला कोनी इचारनार नाय, असं लिवलं यानं. आता इकते मी, पन खायला मलाच परवडत नाय!"

खसखस पिकली. मग काय, प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं.

"फ्लॅट घेऊ नका म्हणाला! माझा मेव्हणा अजून भाड्याने राहतोय!"

"आमचा कारखाना बंद पाडत होता. काल दुसरी पाळी सुरू झाली!"

सुनंदाने हातातली स्लिप टराटरा फाडली. "खरंच की! सोनं उतरणार म्हणत यांनीच माझ्या बांगड्या लांबवल्या, आणि सोनं चढतच गेलं!"

जेवणाच्या वेळेपर्यंत रांग पांगली. जाता जाता दोघा-तिघांनी तर उलट ठेवी वाढवल्या. मला हायसं वाटलं आणि मनाला फार लागलंही. एवढ्या वर्षांच्या व्यासंगाचं भर चौकात श्राद्ध घातलं होतं आणि घास घ्यायला मीच हजर!

आप्पांनी तो लेख फ्रेम करून काचपेटीवर टांगला. अजूनही मार्च जवळ आला आणि ठेवी कमी पडल्या, की त्यांचा फोन येतो, "जावईबापू, यंदाही आमच्याविषयी तेवढं वाईट लिहा की!"