तिकिटावरचा दीड तास

धाकट्या भावाला कुवेतला मीच धाडलं. आई नको म्हणत होती. "दर्यावरून जायाचा न्हाय," एवढंच तिचं. मी ऐकलं नाही. मग तिनं नेम धरला, पोर तिकडं उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही.

मी चौथीत शाळा सोडली, पण आकडे मला येतात. विमानाच्या तिकिटावर निघायची वेळ सकाळी आठ, पोचायची साडेनऊ. म्हणजे दीड तास. भाऊ म्हणाला, "दादा, कुणाला तरी विचार." मी कशाला विचारू?

त्या दिवशी धामणकर नाक्याच्या कापडाच्या कारखान्यात माझी दिवसाची शिफ्ट. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले तसे मी लूम बंद केले आणि टेमघरला घरी धावलो. वैशाखातलं ऊन. आई ओटीवर बसलेली, ओठ सुकलेले.

"पोचला," मी म्हणालो.

"खरा ना?"

"तिकिटावर लिवलंय, आई."

तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामाच करून ठेवला.

परत आलो तर शेजारच्या लूमवरच्या भय्यानं विचारलं, कुठं पळाला होतास. त्याचा मेहुणा कुवेतलाच होता. मी सांगितलं तसा तो हसत सुटला. "डेढ़ घंटा? तेरा भाई तोप के गोले में बैठा है क्या? अरे, चार घंटे लगते हैं. वहाँ की घड़ी ढाई घंटा पीछे है. अभी तो वो समंदर के ऊपर होगा."

घड्याळ सगळीकडं सारखंच असतं, असं म्हणत मी त्याच्याशी भांडलो. भांडता भांडता मलाच त्याचं पटत गेलं. नेम मोडला होता, मोडायला मी लावला होता, आणि भाऊ अजून हवेत होता.

आईला जाऊन सांगणार काय? प्यालेलं पाणी परत येत नाही. मग तिचा नेम मी धरला. लूमवर सूत नेणारा धोटा अडकला की धावत जाऊन सोडवायचो. सूत तुटलं की घाईघाईनं गाठ मारायचो, जसं काही वर विमानातलंच काही तुटलंय. बारा वाजले, चार तास भरले. पण आता माझा कुठल्याच आकड्यावर भरवसा उरला नव्हता. संध्याकाळी चक्कर येऊन पडलो तेव्हा भय्यानं बळेच पाणी पाजलं.

पाचव्या दिवशी तार आली. तारवाल्याला बघूनच आईनं हंबरडा फोडला. मला इंग्रजी वाचता येईना. गल्लीतल्या मास्तरांनी वाचली. सुखरूप होता.

दोन वर्षांनी भाऊ रजेवर आला. जेवताना आईनं विचारलं, "इमानात किती येळ बसलास रं?"

"चार तास, आई."

आईनं हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"तिकिटावर दीडच होता," मी म्हणालो आणि भात कालवत राहिलो.

महिन्यानं तो परत निघाला. आईनं पुन्हा नेम धरला, पण तो पोचला का हे या वेळी तिनं मला विचारलं नाही. तार येईपर्यंत रोज दिवस मावळल्यावरच ती तांब्याला हात लावायची. तोवर मीही लावत नव्हतो.