ब्रेकवरचा पाय

ब्रेक ऑइल संपलं तर त्याच्या जागी जवसाचं तेल चालतं, असा शोध मी एकदा लावला होता. साठ सालाच्या आगेमागे राळेगावच्या बाजूला ब्रेक ऑइल मिळणं कठीण, आणि तेलघाणीवरचं जवसाचं तेल घरोघरी. त्या तेलानं आतले रबरी वाशर फुगले, आणि कापूस भरलेली आमची जुनी पिकप मी रस्त्यावर थांबवायला गेलो ती ओळखीच्या एकाच्या तुरीत जाऊन थांबली. बाहेर काढायला बैलजोडी आणावी लागली. कासरा बाबांनी धरला. पिकप घेण्यासाठी त्यांनी स्वतःची जोडी विकली होती. त्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या हातात कासरा आला. माझ्या फजितीनं कुणाचं भलं झालं असेल तर त्यांचंच. यवतमाळच्या मिस्त्रीनं चाक उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "भजे तळाचे होते काय?"

त्यानंच मग मला शहाणं केलं. हे ऑइल हवेतली ओल पितं, म्हणून दरवर्षी पावसाळा सरला की जुनं सगळं काढून नवं भरायचं. नळीत हवा राहू द्यायची नाही, नाहीतर पेडल ओल्या उशीसारखं दबतं. आणि हे एकट्याचं काम नव्हे. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली निजून चाकामागचा नट सैल करायचा, ऑइल बाटलीत येऊ द्यायचं, नट आवळायचा आणि मगच वरच्याला पाय सोडायला सांगायचं.

वर बसायचं काम बाबांनी मागून घेतलं. बैल गेल्यापासून त्यांच्याजोगतं काम घरात उरलं नव्हतं. मी गाडी चालवायचो, हिशेब मी पाहायचो, आणि ते ओसरीत बसून रस्त्याकडे बघायचे. पण दसरा झाला की एक सकाळ त्यांची असायची. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, आणि गाडीत चढण्याआधी पाय पुसणं. मी खालून म्हणायचो, "दाबा." ते दाबायचे. मी म्हणेपर्यंत पाय हलायचा नाही. सर्वांत लांबचं, मागचं डावं चाक आधी, मग जवळची. शेवटचं चाक झालं की ते खाली उतरून गाडीच्या टपावर थाप मारायचे, बैलाच्या वशिंडावर मारावी तशी, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आज ब्रेक केले आम्ही."

मग एका उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पावसाळाभर काठीनं अंगणापर्यंत यायला शिकले. दसऱ्यानंतर मी ऑइल आणलं ते त्यांना दिसू नये म्हणून पोत्याखाली ठेवलं. आमच्या घरात माझं लपवणं कधी टिकलं आहे! सकाळी बघतो तर धोतर, फेटा, आणि भिंत धरत गाडीकडे येणारे बाबा. मी त्यांना वर चढवलं. त्यांनी उजवा पाय डाव्या हातानं उचलून पेडलवर ठेवला.

मी खालून म्हणालो, "दाबा."

"दाबला," ते म्हणाले.

नट सैल केला तर एक थेंब आला, तोही नाइलाजानं. मी आवळला. पुन्हा तेच. वर त्यांचा श्वास ऐकू येत होता. चार दिवसांत सरकीची पोती घेऊन पुसदच्या वाटेनं घाट उतरायचा होता, आणि अशा ब्रेकवर अंगणातूनही उतरता आलं नसतं. पण मी निजल्या निजल्या चारही चाकांना "सोडा" म्हटलं आणि बाहेर येऊन सांगितलं की झकास झालं.

टपावर थाप मारायला ते थांबले नाहीत. दमले असतील, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते स्वतःहूनच म्हणाले की पारावर जाऊन बसतो. मला वाटलं, देव पावला. त्यांची पाठ वळताच मी बायकोला गाडीत बसवलं. ती आयुष्यात कधी त्या सीटवर बसली नव्हती. पण चवड्यानं दाबायची, मी म्हणेपर्यंत जराही ढील द्यायची नाही. काळपट ऑइल बुडबुड्यांसकट बाटलीत आलं, मग निर्मळ येऊ लागलं. आपण काय शिकवतो, म्हणून मी खाली पडून स्वतःचीच पाठ थोपटली. बाबा परतले तेव्हा गाडी जिथल्या तिथे होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घाट मी सुखरूप उतरलो. संक्रांतीच्या आधीच बाबा गेले.

तेरावं आटोपलं. पाहुणे गेले. बायको अंगणात भांडी घासत होती आणि मी उगाच शेजारी बसून तिला सांगत होतो की एवढं एक बरं झालं, ब्रेकचं शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही.

तिनं हातातलं पितळी गंज खाली ठेवलं.

"त्यायनंच तर सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "त्या दिवशी चुलीपाशी आले अन् म्हणे, 'माह्यानं दबलं नाही, बाई. उद्या मी पारावर जातो, तू दाबून दे. अन् त्याले सांगजो नको.' पाय कसा दाबाचा ते दाखवाले पेडल म्हणून पाट आडवा लावला त्यायनं. पाय तं उचलेच ना. मंग हातानं दाखवलं."