लखनौ ते उमरगा, आणि तिथून आईच्या कानडीपर्यंत

"ताई, आई बोलायली," मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. घास तसाच राहिला. नोव्हेंबरात आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी दहा दिवस उमरग्याला होते. त्या दहा दिवसांत तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. नुसती बघायची.

"काय बोलली?"

"तेच तर कळंना," मिलिंद म्हणाला. "मराठी न्हायच. सगळं कानडीत बोलायली."

आमची आई माहेरची कानडी, सीमेपलीकडच्या गावातली. लग्न होऊन उमरग्याला आली, एसटी डेपोत मेकॅनिक असलेल्या बाबांच्या घरात मराठी शिकली आणि पन्नास वर्षं मराठीतच वावरली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लहानपणची भाषा आधी परत येते. दुसरी मागाहून येईल, न येईल.

मी त्याच दिवशी रजा टाकली आणि मनाशी ठरवलं की आईला लखनौला घेऊन यायचं. इथं मोठी हॉस्पिटलं आहेत, माझ्या घरात उन्हाची एक खोली रिकामी आहे. परतीची दोन तिकिटं काढली, त्यातला खालचा बर्थ आईसाठी.

या ब्लॉगवर मी एरवी सुट्टीतल्या भटकंतीबद्दल लिहिते. हाही प्रवासच होता, म्हणून लिहितेय. कुणाला उत्तरेतून आमच्या धाराशिव जिल्ह्यात यायचं असेल तर रस्ताही कळेल.

लखनौहून सरळ गाडी शोधत बसू नका. पुण्यापर्यंत या, साधारण सव्वा दिवस लागतो. पुण्याहून सोलापूर चार तास. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, गाड्या हमखास उशिरा धावतात, म्हणून पुण्याला पुढच्या गाडीआधी निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा. मी ठेवला होता, तो सगळा धुक्यानं खाल्ला.

डब्यात समोर कानपूरच्या एक बाई होत्या. माझा फोन ऐकून त्यांनी विचारलं, "आप साउथ की हैं ना?"

"महाराष्ट्र की," मी म्हणाले.

"हाँ, वही," असं म्हणून त्यांनी मला प्रेमानं मटरची कचोरी दिली.

नऊ वर्षं मी लखनौत आहे आणि नऊ वर्षं मी साउथची आहे. त्याआधी सहा वर्षं बेंगळुरूत होते, तिथं मी नॉर्थची होते. घरमालकीण रोज संध्याकाळी जिन्यात भेटायची आणि म्हणायची, तुम्ही नॉर्थवाले भात कसा खात नाही! मी भात खात होते. तिला हे सांगितलं नाही, आणि दुसरी एक गोष्ट तर कुणालाच सांगितली नाही, की माझी आई कानडी आहे. भाजीवाल्यापुरती कानडी शिकले, 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'बेडा' म्हणजे नको, आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, येत नाही. ते का, हे पुढं येईल.

सोलापूरला रेल्वेतून उतरून एसटी स्टँडवर आले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. उमरग्याला जायला इथून गाड्यांची कमी नाही. हैदराबादची, बसवकल्याणची, उमरग्याची, कुठलीही धरा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं अडीच तासांचा प्रवास अगदी स्वस्तात होतो. स्टँडबाहेर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळते, ती बरोबर घ्या. आठ दिवस टिकते.

कंडक्टर आला. मी पैसे पुढं केले आणि माझ्याच तोंडून निघालं, "एक उमरगा दीजिए."

"उमरगा? बैठो मॅडम, ढाई घंटा लगेगा," तो म्हणाला. मला अगदी पाहुणीसारखं वागवलं त्यानं.

"मी इथलीच आहे हो," मी म्हणाले. "उमरग्याचीच."

त्यानं मान वर केली. "मग हिंदीत कामून बोलायलाव?"

मी तिकीट पर्समध्ये ठेवलं. खिडकीबाहेर बघत बसले. शाळूची ज्वारी कंबरेच्या वर आली होती, तुरीच्या काढणीचे ढीग बांधाला लागले होते, उसानं वाकलेले ट्रॅक्टर बसला वाट देत नव्हते. नळदुर्ग आलं. किल्ला बघायचा असेल तर इथं उतरा, निदान तीन तास हाताशी ठेवा. इथं एक म्हातारी परडी घेऊन चढली आणि मागच्या बाईनं तिला विचारलं, "देव अजून नळदुर्गातच हाय का गेला अणदूरला?"

"हाय की. जत्रा झाल्यावर जाईल त्याच्या त्याच्या घरी."

"आन् हे घर न्हाय व्हय त्याचं?"

"हे बी त्याचंच की," म्हातारी म्हणाली आणि परडी मांडीवर सावरून बसली.

आमच्याकडचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला राहतो आणि थोडा नळदुर्गला. आम्ही बौद्ध, आमच्या घरात हा देव नाही, पण त्याचं हे येणंजाणं मला लहानपणापासून माहीत आहे. तो दोन्हीकडचा कसा, असं कुणी त्याला विचारत नाही, याचा मला त्या दिवशी हेवा वाटला.

घरी पोचले तर आई अंगणात उन्हाला बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. शेजारी शकीला चाची तूर निवडत होत्या. चाचींचं घर आमच्या भिंतीला लागून. आईनं मला बघितलं, ओळखलं, डोळे भरले. मग ती बोलायला लागली. भरभर, न थांबता. दोन महिन्यांचं साठलेलं असावं. मी तिच्या पायाशी बसून ऐकत होते आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. फक्त माझं नाव कळत होतं, सुजाता, ते मधून मधून यायचं.

"क्या बोलरी अम्मा?" मी चाचींना विचारलं. त्यांचं माहेरही सीमेपलीकडचं, घरात दखनी बोलतात पण कानडी पक्की.

"बोलरी, दुबली हो गई तू. बोलरी, गाड़ी में पानी पी की नहीं. बोलरी, इत्ता दूर कायको रहती."

एवढं साधं बोलणं, आणि ते मला दुसऱ्या कुणाकडून समजून घ्यावं लागलं.

आता ती जुनी गोष्ट सांगते. मी चौथीत होते. आई डबा द्यायला शाळेत आली आणि वर्गाच्या दारातून मला कानडीत हाक मारून काहीतरी बोलली. घाईत बोलली असेल. पोरी हसल्या. मग वर्षभर मला 'कानडी' म्हणून चिडवत राहिल्या. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हणाले, "तू शाळेत येऊ नको. आन् आली तर कानडी बोलू नको." ती हसून बरं म्हणाली. त्यानंतर तिनं आमच्याशी, घरातसुद्धा, कानडीचा शब्द काढला नाही. मिलिंद तेव्हा दोन वर्षांचा होता, म्हणून त्याला काहीच येत नाही; मला तोवर जे थोडं कळायचं, तेही पुसलं गेलं. हे त्याला मी या प्रवासात पहिल्यांदा सांगितलं.  तो म्हणाला, "पोरवयातलं हाय ते, ताई." पण आई गप्प बसली ती माझ्या त्या एका वाक्यावर, हे त्यालाही कळलं.

मी लखनौचं बोलणं काढलं. मिलिंदची हरकत नव्हती. बाबा आता नाहीत, तो आणि त्याची बायको दोघं दिवसभर कामावर असतात. शकीला चाची मात्र तुरीचं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "नक्को ले जाव बेटी. ये बातां करती तो मैं सुनती. वहाँ कौन सुनता?"

"डॉक्टर चांगले आहेत तिथं, चाची."

"डाक्टर से बातां करेगी क्या दिनभर?"

मला राग आला. मी मुलगी आहे, या शेजारीण. मी उठून आत गेले.

दोन दिवस आई एकच वाक्य सारखं म्हणत होती, "मनिगी होगूण." मिलिंदला वाटलं ती 'मनी' म्हणजे पैसे मागतेय, म्हणून त्यानं तिचा बटवा आणून उशाशी ठेवला. तिनं तो ढकलून दिला. चाचींनी अर्थ सांगितला: घरी जाऊ या. घरी म्हणजे माहेरी, आम्ही समजलो. लखनौला नेण्याआधी एकदा दाखवून आणू म्हणून तिसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाची जीप सांगितली.

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्यानं निघालं की अर्ध्या तासात सीमा येते. सीमा म्हणजे काही नाही. एक कमान, दोन ढाबे, पंक्चरची दुकानं आणि रांगेनं उभे ट्रक. शेतं तीच, माती तीच. पाट्या तेवढ्या बदलतात. आई पुढच्या सीटवर होती. पहिली कानडी पाटी आली तशी ती पुढं वाकली आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं म्हणाली, "नि-धा-न-वा-गि... चलिसि."

ड्रायव्हर हसला. "बराबर हाय मावशी. हळू चालवा म्हनून लिहिलंय." आणि त्यानं खरंच वेग कमी केला.

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आमची आई अडाणी. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. रेशनच्या कागदावर अंगठा, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर अंगठा. मी तिला सही शिकवायला बसले होते एकदा, ती जमेना म्हणून चिडलेही होते. आणि ती आता पाटीमागून पाटी वाचत होती. दुकानाचं नाव, गावाचं नाव, बसथांब्यावरची जाहिरात. आवाज मोठा होत चालला होता. एक शब्द अडला तर तोंडातल्या तोंडात घोळवून परत म्हणायची.

माहेरी आईची धाकटी बहीण असते. तिला थोडीफार मराठी येते. मी दारातच विचारलं, "मावशी, आईला वाचता येतं?"

"म्हंजे? चार येत्ता शिकली की ती!" मावशी उलट माझ्यावरच चकित झाली. "सगळ्या गल्लीची पत्रं तीच वाचायची. तुम्हाला ठाव न्हाय?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. तिला आम्ही ज्या भाषेत वाचायला सांगितलं, ती तिची नव्हती. आणि जी तिची होती, ती मी बंद केली होती. मी मावशीच्या न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

मावशीनं भाकरी, पुंडीची भाजी आणि शेंगाचं दाट कालवण केलं होतं. पुंडी म्हणजे आपली अंबाडी. दोघी बहिणी शेजारी बसून जेवल्या, आईला डाव्या हातानं खाताना लाज वाटत होती तर मावशीनंही डाव्या हातानं खाल्लं. दोघी इतक्या बोलल्या, इतक्या हसल्या, की मला वाटलं, आई इथंच राहायला हवी. एव्हाना आईसाठी मी दोन गावं ठरवली होती, लखनौ आणि हे. तिला एकदाही विचारलं नव्हतं.

चार वाजता आई उठली, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. "नडी, मनिगी होगूण." चल, घरी जाऊ या.

मावशी हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "अगं, हेच की घर तुझं!" कानडीत म्हणाली, पण हे मला कळलं.

आईनं मान हलवली. डावा हात रस्त्याकडं केला. "उमरगा," ती म्हणाली.

येताना ती जीपमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता आणि शकीला चाची ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. आईनं जीपमधूनच त्यांना काहीतरी सांगायला सुरुवात केली. चाची "हौ? हौ?" करत ऐकत होत्या. मी चाचींजवळ गेले आणि म्हणाले, "चाची, मैं नहीं ले जा रही." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि आईचं बोलणं पुढं ऐकू लागल्या.

परतीचं एक तिकीट मी रद्द केलं. खालचा बर्थ दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. पुण्यापासून इटारसीपर्यंत एक मराठी कुटुंब होतं, पुढं हिंदी, हिंदी, हिंदी. 

आता लखनौत येऊन दीड महिना झाला. उन्हाची खोली तशीच आहे, खाट मांडलेली. संध्याकाळी तिथं जाऊन बसते. धाराशिवहून आणलेले गुलाबजामून ऑफिसात वाटले तेव्हा एकानं विचारलं, हे साउथचे का? मी हो म्हणाले. वाद घालायची इच्छा राहिली नाही, कारण आता मलाच पूर्वीसारखं ठामपणे सांगता येत नाही मी कुठली. उमरग्याची आहे, पण उमरग्यातलं निम्मं मला कधी ऐकूच आलं नव्हतं, घरात असून. ज्याची इतकी वर्षं ओढ लावून घेतली, ते गाव मला अर्धंच माहीत होतं. आता राहिलेल्या अर्ध्याचीही ओढ लागली आहे, आणि ती जुन्या ओढीपेक्षा जास्त त्रास देते.

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करते. मावशीकडून रोज दोन-तीन शब्द घेते आणि आईवर आजमावते. परवा तिनं विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलीस का. मी म्हणाले, "आय्तु." ती फोनवर खळखळून हसली. 'आय्तु' ही बेंगळुरूची कानडी, आपल्याकडं 'आत' म्हणतात. तिनं मला तीनदा म्हणायला लावलं. आत. आत. आत.

काल मिलिंदचा फोन होता. म्हणाला, "ताई, आई सकाळपासून गल्लीत हरेकाला एकच सांगायली. मी चाचीला अर्थ इचारला."

"काय सांगते?"

"म्हनती, नन मगळिगी कन्नड बर्तद. माझ्या लेकीला कानडी येती."

मला मोजून वीस शब्द येतात. काल एकविसावा घेतला.