यादीतलं पहिलं नाव

"हे वर कसं काय आलं?"

अण्णांनी विचारलं तेव्हा माउस माझ्या हातात होता आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझं काम दिसत होतं. प्रोजेक्टर आम्ही परभणीहून नेला होता. गावच्या वेबसाईटवरचा, टँकरचं पाणी मागायचा फॉर्म. त्यात 'वस्ती निवडा' असा रकाना. त्यावर क्लिक केलं की खाली गावातल्या वस्त्यांची यादी उघडायची. मी क्लिक केलं, यादी उघडली. अशोकनगर, बाजार गल्ली, मळा वस्ती, मारुती गल्ली, वाडा गल्ली.

अशोकनगर म्हणजे आमची वस्ती. बौद्धांची. ओढ्याच्या पलीकडची.

समोर पंधरा-वीस माणसं बसली होती. एक जण हसला, मग सगळेच हसले. अण्णा हसले नाहीत. अण्णा म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सही बाईंची, शब्द यांचा. त्यांनी मला विचारलं, तू अशोकनगरचीच ना. मी हो म्हणाले.

"मंग बरुबर हाय. हातात मशीन आली की आदी सोताचं नाव वर घातलंस."

मी सांगायला लागले की ही अक्षरांच्या क्रमाने लागलेली यादी आहे, अ आधी येतो. अण्णांनी हात वर केला. "यादीला बी एक रीत असती बाई. वाड्यापासून सुरू व्हायची अन् तुमच्यापाशी संपायची. तेवढी शिकव तुझ्या कॉम्प्युटरला."

पुन्हा हसू. आमचे सर, म्हणजे परभणीच्या ऑफिसचे मालक, माझ्या शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, सॉरी म्हण आणि विषय संपव.

आणि मी म्हणाले. "चुकलं, अण्णा. दुरुस्त करून देते."

दारात, चपलांच्या ढिगाशेजारी, आई उभी होती. कापसातून तशीच आली होती, हाताला चीर पडलेली. मीच तिला बोलावलं होतं. माझं काम भिंतीवर दिसणार आहे, बघायला ये म्हणून. तिने काम पाहिलं आणि माझं 'चुकलं'ही ऐकलं.

आता माझं काय चुकलं होतं ते सांगते. अशी यादी कोणी एकेक नाव हाताने लिहून करत नाही. नावं डेटात असतात. फ्रेमवर्कला, म्हणजे वेबसाईट बांधायच्या तयार सांगाड्याला, सांगायचं, या डेटावरून फिर आणि दर नावामागे एक पर्याय तयार कर. याला लूप म्हणतात. पाच नावं असली तर पाच, पाचशे असली तर पाचशे. त्याआधी मी एक ओळ घालते, नावं अक्षरांच्या क्रमाने लाव म्हणून. जिल्ह्यांच्या यादीला घालते, तालुक्यांच्या यादीला घालते. तीच ओळ इथे घातली. ग्रामसेवकांनी पाठवलेल्या तक्त्यात अशोकनगर तळाला होतं. ते का तळाला आहे याचा मी विचारसुद्धा केला नव्हता.

आणि टँकरची फेरी यादीच्या क्रमाने लागेल, वरून खाली, हा नियम कोणी सांगितला होता? अण्णांनीच. पहिल्या बैठकीत. "यादीत जसं नाव, तसा नंबर." मी वहीत लिहून घेतलं होतं. यादी वाड्यापासून सुरू होते, हे सांगायची त्यांना गरजच वाटली नाही. सूर्य उगवतो हे कोणी सांगतं का, तसंच. पिढ्यान् पिढ्या न लिहिता चाललेली गोष्ट. कॉम्प्युटरला मात्र न लिहिलेलं कळत नाही. त्याला आमचं आडनाव माहीत नाही, ओढा माहीत नाही. त्याने अ पाहिला आणि आम्हाला वर बसवलं.

शेवटी असणं म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. मी आठवीत होते तेव्हा उन्हाळाभर टँकर यायचा. आधी वाड्यापाशी थांबायचा, मग मारुतीपाशी, मग बाजारात. आम्ही ओढ्याच्या कडेला घागरी मांडून उन्हात बसायचो. आमच्यापर्यंत यायचं ते तळाचं, गाळ ढवळलेलं. पुष्कळदा तेही नाही. ड्रायव्हर काचेतून हात हलवायचा, संपलं. आई रिकामी घागर उचलून म्हणायची, आपला नंबर शेवटला असतोय. मला तो गणिताचा नियमच वाटायचा. कोणीतरी बसून तो लावलेला असतो, हे शाळेत शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी बैठक संपल्यावर सर अण्णांबरोबर चहाला थांबले. मी आईबरोबर घराकडे निघाले. ओढ्यापर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली. मग थांबली.

"तू काय चुकलीस, मला सांग."

मी म्हणाले, काही नाही.

"मंग म्हणलीस कशाला? मी म्हणत आले जलमभर. तुला त्याच्यासाठी शिकवलं व्हय?"

लाज वाटली. अण्णांसमोर वाटली नव्हती इतकी. आणि लाजेच्या मागोमाग राग आला. सरांचा आला, हसणाऱ्यांचा आला, सगळ्यात जास्त माझ्या जिभेचा आला. डिग्री घेतलेली, परभणीत खोली करून राहणारी, महिन्याला पगार आणणारी माझी जीभ. एका माणसाने हात वर केला आणि ती आईच्या जुन्या शब्दावर जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी सांगितलं, डेटाबिटा राहू दे, पाच नावं हाताने लिही, वाडा वर, अशोकनगर खाली. पाच मिनिटांचं काम. मी फाईल उघडली. लूप काढून टाकला. वाडा गल्ली लिहिलं. मारुती गल्ली लिहिलं. बाजार गल्ली, मळा वस्ती. मग बोटं थांबली. माझ्याच हाताने मी माझ्या आईला रांगेत शेवटी उभं करणार होते. मी चारही नावं पुसली आणि लूप होता तसा परत आणला.

दोन दिवसांनी अण्णा काम बघायला परभणीला आले. मी यादी उघडली. अशोकनगर पहिलं. सरांचा चेहरा उतरला. अण्णा म्हणाले, सांगितलेलं कळलं न्हाई का?

मी म्हणाले, "कळलं. एक कागद द्या. 'टँकरच्या यादीत अशोकनगर कायम शेवटी राहील', एवढं लिहा. खाली सरपंचबाईंची सही आणि शिक्का. लगेच करते."

"असं कुटं लिवून देत असतेत का?"

"का न्हाई?"

का नाही ते त्यांना पक्कं माहीत होतं. तोंडाने हजारदा सांगता येतं ते कागदावर एकदाही लिहिता येत नाही, लिहिलं तर कोर्टात उभं राहावं लागतं. त्या खोलीत पहिल्यांदा त्यांची नजर खाली गेली. ते मी नीट पाहून घेतलं.

जिंकले असं समजू नका. सरांनी ते काम माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलावर दिलं. तिथल्या पोराने माझ्याकडे न बघता पाच नावं लिहून टाकली. आता तो फॉर्म चालू आहे. वाडा पहिला, अशोकनगर शेवटी. आधी पाण्याला जात लागत होती, आता पाण्याच्या वेबसाईटलाही लागली. म्हणे डिजिटल गाव.

मी ती नोकरी सोडली. आता मानवतला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात येणाऱ्या गाड्यांच्या नोंदीचं काम करते. तिथेही यादी आहे, गावांची. डेटातून येते, अक्षरांच्या क्रमाने लागते, कोणाचं काही म्हणणं नाही.

पण गावचा विषय मी सोडलेला नाही. टँकरच्या फेरीचा क्रम कोणत्या ठरावाने ठरला, त्याची नक्कल द्या, असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. खाली वस्तीतल्या बायकांच्या सह्या आहेत. पहिली सही आईची. वेडीवाकडी, पण सगळ्यात वर. पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही, आणि ठरावच नाही तर नक्कल कुठून येणार, हे मलाही माहीत आहे.

येत्या ग्रामसभेला मी जाणार आहे. आईही येणार आहे, आणि या वेळी ती दारात चपलांपाशी थांबणार नाही. त्याच भिंतीसमोर, त्याच माणसांसमोर मी अण्णांना दोन गोष्टी सांगणार आहे. एक, ठराव दाखवा, नाहीतर यादी बदला. दुसरी, त्या दिवशी मी इथे 'चुकलं' म्हणाले होते. ते मी परत घेते. चूक तुमची होती.