मोबाईलवर बघून

परतूरच्या ज्या शाळेत मी वीस वर्षं गणित शिकवते, तिथे खेळाला कायम शिक्षक कधीच नव्हता. तासिकेवर कुणाला तरी ठेवायचं आणि दर जूनला मुदत वाढवायची, अशी रीत. काही वर्षांपूर्वी त्या जागेवर एक मुलगी आली. मुलगी म्हणते, पण तिशी ओलांडलेली, विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली, वडीगोद्रीची. शाळेतल्या बाकी सगळ्या बायांना, माझ्याहून लहान असल्या तरी, मी ‘अहो मॅडम’ म्हणायचे. तिला पहिल्या दिवसापासून ‘अगं’ म्हणाले. ती बौद्ध घरातली, मी गावाकडे मोठी जमीन असलेल्या मराठा घरातली सून. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मी पळायला लागले ते डॉक्टरांमुळे. साखर काठावर आली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी पंजाबी ड्रेसवर बूट घालून मी पहाटे स्टेशनच्या रस्त्याला पळायचे. कुणी ओळखीचं दिसलं की चालायचे. वर्षभरात पाच किलोमीटर जमायला लागले आणि मला त्याचा नाद लागला. मग जालन्याला दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. सात किलोमीटरला उजवा गुडघा असा धरला की पुढचं अंतर मी लंगडत चालून काढलं. घरी सासूबाई म्हणाल्या, “या वयात कुनी सांगितलंय?” मी आठवडाभर गुडघ्याला पट्टा बांधून शाळेत गेले.

जिन्यावरून मी एकेक पायरी तिरकी उतरत होते, तेव्हा ती खाली उभी होती. गळ्यात शिट्टी.

“मॅडम, रोज पळून राह्यलात का?”

“रोज. आता बंद आहे.”

“नुसतं पळता का बाकी काही करता?”

“बाकी काय करायचं असतं?”

ती हसली नाही. तिने मला भिंतीला हात न लावता एका पायावर उभं केलं आणि जरा गुडघ्यात वाकायला सांगितलं. माझा गुडघा आतल्या बाजूला कलंडला, कंबर एकीकडे पडली. मग भिंतीपासून चार बोटांवर पायाचा अंगठा ठेवायला लावून म्हणाली, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला नाही.

“गुडघ्याचा काही दोष न्हाई, मॅडम. घोटा आखडलाय अन् कमरेत बळ न्हाई. त्यांचं काम बिचारा गुडघा करून राह्यला.”

दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी शाळा सुटल्यावर, खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत आम्ही दोघी भेटायला लागलो. तिने माझं पळणं आठवड्यात तीन दिवसांवर आणलं. मी कुरकुर केली. मला वाटे, पळायचं तर पळून शिकावं, हे काय उठाबशा काढणं! पहिले दोन आठवडे तिने वजनाला हात लावू दिला नाही. घोटे फिरवायचे, मांडीचा सांधा मोकळा करायचा, उकिडवं बसायचं. मला उकिडवं बसता येत नव्हतं. गणिताची बाई, खुर्चीवर वीस वर्षं बसलेली. मागे पडायचे, ती पाठीला हात लावून धरायची. मग पाच किलो ज्वारीची पिशवी छातीशी धरून उठाबशा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, तेही एका पायावर. बाकावर एका पायाने चढणं, आणि हळू उतरणं.

“चढनं सोपं असतंय, मॅडम. उतरताना पाय खरं बोलतो. हळू. अजून हळू.”

पिशवी पाचाची दहा किलोची झाली. चार महिन्यांनी स्टेशनच्या रस्त्याला पळताना एक दिवस लक्षात आलं, की चढावर मला धाप लागतेय, पण पाय काही म्हणत नाहीत. मी इतकी आनंदले की तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बराबर. आता शुक्रवारी बारा किलो.”

या काळात ती एकदाही माझ्या घरी आली नाही. मी बोलावलंच नाही. घर शाळेपासून पाच मिनिटांवर. खोलीत उकडायचं, पंखा नव्हता, आमच्या ओट्यावर गार सावली असे. एकदा ती स्वतः म्हणाली, “तुमच्या ओट्यावर करू या का, मॅडम? पायऱ्या पन चांगल्या हायेत.” मी म्हणाले, “सासूबाईंना दुपारी झोप लागते, आवाज नको.” सासूबाई दुपारी कधी झोपत नाहीत. तिने परत विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीची जालन्याची शर्यत मी न थांबता पळाले. चाळिशीपुढच्या बायकांत दुसरी आले. गावात बातमी झाली. शाळेने प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. पहिल्या रांगेत माझे यजमान आणि सासूबाई. मैदानाच्या कडेला ती, संचलनाच्या मुलींना उन्हात रांगेत धरून उभी.

संस्थेचे अध्यक्ष आमच्या नात्यातले. त्यांनी शाल घातली आणि माईक माझ्या तोंडासमोर धरला.

“मॅडम, या वयात दहा किलोमीटर! पोरींला सांगा, कुनी शिकवलं तुम्हाला?”

माझी नजर तिच्यावर गेली. ती माझ्याकडेच बघत होती. मुली पण तिच्याकडे बघत होत्या, कारण त्या खोलीच्या खिडकीतून त्यांनी आम्हाला कितीदा पाहिलं होतं. उत्तर दोन शब्दांचं होतं. मी म्हणाले, “मोबाईलवर बघून बघून शिकले, सर.”

“ऐका!” अध्यक्ष सगळ्यांकडे वळले. “मोबाईलमधी समदं मिळतंय. मंग आपन खेळाचा तास कशाला ठिवलाय?”

सगळे हसले. मी पण हसले. ते हसू फोटोत आलंय. यजमानांनी तो फोटो मोठा करून आणला होता, मी तो लावू दिला नाही.

नंतरच्या मंगळवारी मी खोलीकडे गेले ते पाय ओढत. वाटलं, ती नसेल, किंवा असेल आणि बोलेल. ती होती. सतरंजी अंथरलेली, पिशवी काढून ठेवलेली. “आज दहा-दहाचे तीन फेरे,” एवढंच म्हणाली. मी मुकाट्याने उठाबशा काढल्या आणि मनात सुटकेचा श्वास सोडला. म्हटलं, तिला काही वाटलं नाही. त्या खोट्यापेक्षा त्या सुटकेची मला आज जास्त लाज वाटते. एप्रिलपर्यंत ती तशीच येत राहिली. ना आवाज चढला, ना एक मंगळवार चुकला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ती आली नाही. कारकुनांना विचारलं, तर म्हणाले, “मुदत वाढवली न्हाई. खेळाचे तास मराठीवाल्या सरांकडं दिलेत.” म्हणजे मुलींना मैदानावर सोडायचं आणि सरांनी सावलीत बसायचं.

अध्यक्षांना एक फोन करायला मला किती वेळ लागला असता? माझ्या मुलीचा कॉलेजप्रवेश होता, शेतात पेरणी होती, शाळेत पटपडताळणी. अशी कारणं रोज नवी सापडत गेली. ऑगस्ट उजाडला तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग मी विषय काढला, की खेळाच्या मॅडम चांगल्या होत्या.

“असतील,” ते म्हणाले. “पन तुम्हीच म्हन्लात ना, मोबाईलवर शिकता येतं. मी बैठकीत तेच सांगितलं समद्यांला. आता वेळापत्रक बी झालं.”

ते टोमणा मारत नव्हते. माझं वाक्य त्यांनी खरं धरलं होतं, बस्स. तिथे मी सरळ म्हणायला हवं होतं की मी खोटं बोलले. मी काय म्हणाले? “तसं नाही सर, थोडंफार त्यांनी पण सांगितलं होतं.”

थोडंफार! शर्यत माझी, पाय माझे, आणि त्या पायांत बळ घालणारी बाई थोडीफार.

त्या दिवसापासून मला ज्वारीची पिशवी बघवेना. व्यायाम सुटला. पळणं सुरू होतं, पण महिन्याभरात गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला. सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी अंबडपर्यंत गेले आणि तिथून दुसरी बस धरून वडीगोद्रीला उतरले. हायवेच्या दुकानांत विचारत विचारत तिचं घर शोधलं. जन्म या जिल्ह्यात गेला, पण बौद्ध वस्तीतल्या घराचा उंबरा मी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला.

ती दारातच होती. घामाने भिजलेली. मागच्या पडीक रानात ती सात-आठ मुलींना पोलीस भरतीसाठी तयार करत होती, ते नुकतंच आटोपलं होतं. तिच्या आईने मला पाणी दिलं. मी सतरंजीवर बसले आणि वाटभर जुळवलेलं सगळं विसरले.

“मी त्या दिवशी खोटं बोलले,” एवढंच निघालं.

“मी तिथंच होते, मॅडम.”

“मग तू नंतरच्या मंगळवारी का आलीस? मला सुनवायचं होतंस.”

तिने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, “राग आल्ता. लई आल्ता. पन तुमचं काम अर्ध्यात होतं. अर्धं काम मला सोडता येत न्हाई.” मग म्हणाली, “जूनमधी वाटलं, तुम्ही फोन तरी कराल. मी वाट बघितली.”

तिची आई चहा गाळत होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते पण बरं वाटलं नाही. रडून मी तिलाच माझी समजूत काढायला लावणार होते. मी पदर लावला नाही, खाली बघत बसले.

“एक काम करा,” ती म्हणाली. “जालन्याला एका खासगी शाळेत जागा निघालीय. आपल्या शाळेनं अनुभवाचं काही लिहून दिलं न्हाई. तुम्ही लिहून द्या.”

तिने वही आणि पेन दिलं. मी लिहिलं, सदर शिक्षिकेच्या सहकार्याने मला धावण्याच्या सरावात मोलाची मदत झाली. सही करून दिलं. तिने वाचलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

“सहकार्य न्हाई, मॅडम. शिकवलं, असं लिहा. काय शिकवलं ते पन लिहा. मोबाईलवर न्हाई, हे नक्की लिहा.”

आवाज चढलेला नव्हता. वर्गात एखाद्या पोरीचं गणित चुकलं की मी ज्या आवाजात पुन्हा सोडवायला सांगते, तसाच होता. मी नवा कागद घेतला. घोटा, मांडीचा सांधा, उठाबशा, एका पायावर टाचा, बाकावरून हळू उतरणं. पाच किलोपासून बारा किलोपर्यंत. किती महिने, आठवड्यातले किती दिवस. आणि शेवटी, की मी सर्वांसमोर याबद्दल खोटं सांगितलं, त्यामुळे यांचं नुकसान झालं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, “हे शेवटचं काढा. माझ्या अर्जात तुमची माफी कशाला?”

मी तिसऱ्यांदा लिहिलं.

निघताना तिने मला हायवेपर्यंत सोडलं. बस येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. ती ‘या परत’ म्हणाली नाही, मीही ‘घरी ये’ म्हणाले नाही. म्हणायचा हक्क उरला नव्हता.

दिवाळीनंतर तिला जालन्यातली जागा मिळाली. हे मला कारकुनांकडून कळलं. त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, की मला पळायला तिने शिकवलं होतं, मोबाईलने नाही. मग विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं, “मंग तेव्हा का न्हाई बोललात?”

“लाज वाटली,” मी म्हणाले.

त्यांनी समजून मान हलवली. त्यांना वाटलं, खोटं बोलल्याची लाज म्हणते मी. मी तसंच राहू दिलं असतं तर चाललं असतं.

“खोट्याची नाही,” मी म्हणाले. “तिच्याकडून शिकले, हे सांगायची लाज वाटली.”