गाळातले मूळ मालक

शी! अजूनही आठवलं की नाक आपोआप आक्रसतं. त्या रविवारी सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि कुजक्या अंड्यांचा असा भपकारा आत आला की हातातला चहा मी तसाच बेसिनमध्ये ओतला. खाली आमच्या सोसायटीचं तळं. वारज्यात आमच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा बिल्डरनं जाहिरातीत दाखवायला केलेलं. मधोमध कारंजं, कडेनं लॉन. पाणी काळं पडलं होतं आणि सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. भोवती रहिवासी एका हातानं नाकाला रुमाल लावून उभे आणि दुसऱ्या हातानं फोटो काढतायत! ग्रुपवर टाकायचे ना.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "माळ्यानं लॉनवर औषध मारलं असणार. ते पाण्यात उतरलं." झालं! अकरा वाजता क्लब हाऊसमध्ये मीटिंग ठरली, विषय एकच, माळ्याला काढायचं. हा माळी बुलढाण्याकडचा. पंपाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. काम गेलं की डोक्यावरचा पत्राही जाणार, हे ठाऊक नाही असा एकही माणूस तिथे नव्हता.

मासे औषधानं मेलेले नाहीत हे मला वासावरूनच कळलं होतं. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय मी. नववीच्या वर्गावरचा माझा एक आवडता तास असायचा. मुलांना सांगायचे, अरे, या पृथ्वीच्या हवेत सुरुवातीला प्राणवायू जवळजवळ नव्हताच. तरी जीव होते. डोळ्यांना न दिसणारे, समुद्रात नि चिखलात मजेत राहणारे. मग त्यांच्यातल्याच काहींनी उन्हावर पोट भरायची युक्ती काढली आणि ते प्राणवायू बाहेर टाकायला लागले. आपला तो प्राण, पण त्या जुन्यांना जहर. किती मेले त्याची गणती नाही. उरले ते हवा पोचत नाही अशा जागी जाऊन बसले, गाळात, दलदलीत, आपल्या आतड्यांतसुद्धा. पुढं प्राणवायू वाढला, म्हणून मासे आले, पाखरं आली, तुम्ही-आम्ही आलो. पण ते मूळ मालक काही संपलेले नाहीत. पाण्यातला प्राणवायू संपला की ते पुन्हा घर ताब्यात घेतात, आणि हा घाण वास त्यांचाच. मुलं "ईऽऽ" करायची आणि मला तास चांगला झाल्यासारखं वाटायचं.

आता आमच्या तळ्यातला प्राणवायू कोणी संपवला? कारंज्याच्या आवाजानं दुपारची झोपमोड होते अशी तक्रार आली, म्हणून कमिटीनं ते महिन्यापूर्वी बंद करून टाकलेलं. पुण्यात दुपारच्या झोपेपुढं कोणाचं काय चालतं! पाणी हलायचं थांबलं, त्यात हवा मिसळायची थांबली. वर कोणी शिळी पोळी टाकणार, कोणी ब्रेड, कोणी निर्माल्य. ते सगळं तळाशी बसतं, कुजतं, आणि कुजता कुजता पाण्यातला प्राणवायू फस्त करतं. एवढं साधं आहे हे. आणि या सगळ्यांत जास्त कोणी टाकलं म्हणाल, तर मी.

आमच्या मुलाला हिंजवडीतल्या कंपनीनं घरी बसवलं त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. दिवसभर खोलीचं दार लावून असायचा. जेवायला हाक मारली की आतून "नंतर." ह्यांनी कुठंतरी पत्रिका दाखवली. शनीचा त्रास निघाला. उपाय काय, तर दर शनिवारी कणकेच्या एकशे आठ गोळ्या माशांना घालायच्या, प्रत्येक गोळीत रामनामाची चिठ्ठी. "डोंबल तुमचा शनी!" मी म्हणाले. आणि पुढच्याच शुक्रवारी परात घेऊन बसले. चिठ्ठ्यांसाठी शाळेच्या जुन्या वह्यांची कोरी पानं कापली. पटलं होतं का? मुळीच नाही. घाबरले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही दोघं डबा घेऊन तळ्यावर गेलो तर सगळे मासे पाण्याच्या अगदी वर आलेले, तोंडं उघडत-मिटत. हे खूश. "बघ, वाटच बघतायत!" मी मूठभर गोळ्या टाकल्या. एकानंही तोंड लावलं नाही. माळी हातातला पाइप टाकून लगबगीनं आला.

"बाई, नका टाकू जी. भूक नाई ती. जीव घाबरा झालाय त्यांचा. आमच्या गावच्या तळ्यात असंच व्हायचं. तेवढं कारंजं चालू करायला सांगा न साहेबांना."

त्याचा शब्द न् शब्द खरा होता. मासे हवेसाठी वर आलेत हे मलाही दिसत होतं, दिसायलाच हवं होतं. आणि मी काय म्हणाले? "मला शिकवतोस? तू तुझं गवत बघ." एवढं बोलून सगळा डबा पाण्यात पालथा केला.

मीटिंगला तो दाराशी उभा होता. "म्या औषध मारलंच नाई जी," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. अध्यक्ष माझ्याकडे वळले, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. तुमचं मत?" मी उठले. औषधाचा काही संबंध नाही, तळाशी अन्न कुजलं, कारंजं बंद, पाण्यातला प्राणवायू संपला, सगळं नीट सांगितलं.

"माशांना खायला घातल्यानं कुठं मासे मरतात?" एक बाई फणकारल्या. "आणि घातलं कोणी एवढं?"

सगळे एकदम छताकडे बघायला लागले. गेल्याच आठवड्यात यांच्यातल्या तिघांना मी पिशवी झटकताना पाहिलं होतं. किळस आली मला त्या तोंडांची. "मी घातलं," मी म्हणाले. "दर शनिवारी कणकेच्या एकशे आठ गोळ्या." ह्यांनी मान खाली घातली.

अध्यक्ष लगेच विरघळले. "अहो, तुम्ही भावनेपोटी केलंत. आणि चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं." मग माळ्याकडे वळून, "पण तुझं काय रे? तळं तुझ्या ताब्यात. डोळ्यांदेखत चाललं होतं, तर मॅडमना एका शब्दानं सांगायला नको? सांगितलंस का?"

त्यानं सांगितलं होतं, एवढं मी म्हटलं असतं तर त्याची खोली वाचली असती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. थांबला. खरंच थांबला तो, माझ्यासाठी. आणि माझी जीभ उचलेना. गोळ्या घातल्या हे सांगता आलं; पण जे मी तीस वर्षं शिकवलं ते मला एका माळ्यानं सांगितलं आणि मी त्याला झिडकारलं, हे त्या माणसांसमोर सांगता येईना.

"नाई सांगितलं जी," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. मग कोणीतरी म्हणालं, मॅडमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला हवं, आणि टाळ्या वाजल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोराला टाळ्याही मिळाल्या. थू! त्या लोकांचं काय घेऊन बसायचं, मला माझ्या अंगाचीच घाण वाटत होती.

बुधवारी दुपारी त्यांचं सामान टेम्पोत चढलं. जाण्याआधी दोघं निरोप घ्यायला वर आली. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. बेल एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली. माझा हात कडीवर होता. त्याची बायको तिसऱ्यांदा बटण दाबायला गेली तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "बाई झोपल्या असतील."